मेलबर्न स्टॉर्मचा हंगामवार तक्ता : 5 पैकी 3.5

रग्बी लीगच्या (13 खेळाडूंची, 15 जणांची रग्बी युनियन वेगळी) कुठल्याही क्लबची कुंडली बघायची तर हंगामवार तक्ता उघडावा लागतो. एका हंगामाला एक ओळ. त्यात सामने, जिंकले, बरोबरी, हरले, केलेले गुण, दिलेले गुण, गुणफरक, पॉइंट, क्रमांक आणि शेवटी बाद फेरीत काय झालं ते. मराठीत सगळ्यालाच गुण म्हणतात, म्हणून इथे मैदानावरचे ते गुण आणि साखळीतले ते पॉइंट. ऑस्ट्रेलियाच्या एनआरएल (नॅशनल रग्बी लीग) स्पर्धेत खेळणाऱ्या मेलबर्न स्टॉर्मच्या तक्त्यात 1998 ते 2025 अशा 28 ओळी आहेत. बाद फेरी हुकली ती फक्त 2001, 2002 आणि 2010 ला, हे त्यात पाच सेकंदांत कळतं. एवढ्यासाठी तक्ता उत्तम. पण 'पॉइंट' आणि 'क्रमांक' हे दोन रकाने वरून खाली सरळ वाचत गेलात तर फसलात. दीड गुण त्यापायी कापलाय.

पॉइंटचा घोळ आधी बघू. विजयाला 2, बरोबरीला 1, आणि बाय मिळाला, म्हणजे त्या फेरीत सामनाच नसला, तरी फुकटचे 2. किती बाय मिळणार हे दर काही वर्षांनी बदलतं. 2007 ला स्टॉर्मचे 44 पॉइंट, 2021 ला 44, 2024 लाही 44. तिन्ही ओळी सारख्या तोलाच्या वाटतात. पण पहिल्या दोन हंगामांत 24 पैकी 21 सामने जिंकून 42 आणि एका बायचे 2 मिळाले होते. 2024 ला 19 विजयांचे 38 आणि तीन बायचे 6. 2023 पासून लीगमध्ये 17 संघ आहेत. विषम संख्येमुळे दर फेरीत कुणाला तरी बसावंच लागतं, म्हणून बाय वाढले. उलट 2020 च्या ओळीत फक्त 32 पॉइंट दिसतात आणि हंगाम सुमार वाटतो. कोविडमुळे तेव्हा 20 च फेऱ्या झाल्या, बाय नव्हताच, आणि स्टॉर्मने 16 जिंकले. म्हणजे 80 टक्के. 2024 चे भरतात 79.2. शिवाय 2020 ला ग्रँड फायनल, म्हणजे विजेता ठरवणारी अंतिम लढत, 26-20 अशी पेनरिथ या संघाविरुद्ध जिंकली, 2024 ला त्याच पेनरिथकडून 14-6 अशी हरली. तेव्हा पॉइंटचा रकाना झाकून ठेवा आणि विजयांना खेळलेल्या सामन्यांनी भागा. दोन हंगामांची तुलना त्याशिवाय करूच नये.

गुणफरक मात्र सोन्यासारखा रकाना. आयपीएलच्या नेट रनरेटसारखी भानगड नाही, सरळ वजाबाकी. 2021 ला स्टॉर्म आणि पेनरिथ दोघांचे 44 पॉइंट. स्टॉर्मचा फरक +499, पेनरिथचा +390, म्हणून पहिला क्रमांक स्टॉर्मचा. 2008 ला तर +302 विरुद्ध मॅनली या संघाचे +290, अवघ्या 12 गुणांवर निकाल लागला. कन्व्हर्ट झालेल्या दोन ट्रायइतकंच अंतर (ट्राय म्हणजे गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवणं, 4 गुण; कन्व्हर्ट म्हणजे त्यानंतरची यशस्वी किक, 2 गुण).

आता क्रमांक. 1998 आणि 1999, दोन्ही ओळींत तिसरा. पण आधी संघ 20 होते, नंतर 17. शेजारी संघसंख्या लिहिलेली नसेल तर तो आकडा अर्धवट समजा. साखळीतला पहिला क्रमांक म्हणजे मायनर प्रीमियरशिप, विजेतेपद नव्हे. नवखे वाचक इथे नेमके घसरतात. 2011, 2016, 2019, 2021, 2024 या पाचही वर्षी स्टॉर्म साखळीत पहिला होता आणि एकदाही विजेता नव्हता. पहिला येऊन करंडकही नेला, आणि तो आजही नावावर आहे, असं एकच वर्ष: 2017.

बाद फेरीच्या रकान्यात 'उपविजेता' एवढंच लिहून भागत नाही. 2008 मध्ये पहिल्या क्रमांकाचा स्टॉर्म आठव्या क्रमांकाच्या वॉरियर्सकडून 18-15 असा हरला आणि तरी बाहेर पडला नाही, कारण तेव्हाच्या मॅकिन्टायर पद्धतीत पहिल्या आठवड्यात हरलेल्या चौघांपैकी साखळीत खाली असलेले दोघेच घरी जात. ग्रँड फायनलमध्ये मॅनलीने 40-0 असा धुव्वा उडवला. पद्धत 2012 ला बदलली. आणखी एक तपासा: विजयांच्या बेरजेत बाद फेरी धरली आहे का? 2007 कुठे 21-3 दिसेल, कुठे 24-3. दोन्ही बरोबर, एकाच तक्त्यात मिसळले की चूक.

खरी कसोटी 2010 च्या ओळीची. 14 विजय, 10 पराभव, पॉइंट 0, क्रमांक 16 पैकी 16. छपाईची चूक वाटते, पण नाही. सॅलरी कॅप, म्हणजे संघाच्या एकूण पगारखर्चावरची मर्यादा, मोडून खेळाडूंना लपवून जादा पैसे दिल्याचं 22 एप्रिल 2010 ला बाहेर आलं. तोवर मिळवलेले 8 पॉइंट काढून घेतले आणि उरलेल्या हंगामात काहीही जिंकलं तरी पॉइंट नाही, असं ठरलं. एरवी 14 विजयांचे 28 आणि दोन बायचे 4 मिळून 32 झाले असते. 2007 आणि 2009 ची विजेतेपदं आणि 2006 ते 2008 च्या मायनर प्रीमियरशिपही गेल्या. उपविजेत्यांना काही दिलं नाही, जागा रिकाम्याच ठेवल्या. सामन्यांचे निकाल मात्र पुसले नाहीत, म्हणून 2007 च्या ओळीत मॅनलीविरुद्धचा 34-8 दिसलाच पाहिजे, पुढे 'विजेतेपद रद्द' या शेऱ्यासह. जो तक्ता विजेतेपदं 6 मोजतो तो चाहत्याने केलाय. अधिकृत आकडा 4: 1999, 2012, 2017, 2020. आणि जो तक्ता 2007 ची अंतिम लढतच गाळतो तोही घेऊ नका; रद्द झालं ते पद, सामना नव्हे.