‘नवा’ सेल्फ माझाच निघाला

अधूनमधून सुरू न होणारी गाडी म्हणजे लबाड मिस्त्रीला आयतं कुरण. कायमची बंद पडलेली गाडी त्याच्या तितकी कामाची नसते, कारण पार्ट बदलूनही ती हलली नाही तर त्याचं पितळ तिथेच उघडं पडतं. इथे मात्र तो काहीही बदलू दे, पुढचे काही दिवस गाडी चालतेच. ती तशीही चालणारच असते! पुन्हा अडली की म्हणायला मोकळा, ‘साहेब, तो पार्ट गेलेलाच होता, आता हा दुसरा गेलाय.’ रत्नागिरीत माझ्याकडून असेच बारा हजारांच्या वर काढले गेले. गॅरेजचं नाव लिहीत नाही, कारण प्रकरण अजून मिटलेलं नाही. पण पद्धत सगळीकडे हीच असते, म्हणून सविस्तर लिहितोय.

गाडी पेट्रोलवरची, नऊ वर्षांची. सकाळी एका झटक्यात सुरू व्हायची. बाजारात जाऊन दहा मिनिटांत परत यावं तर किल्ली फिरवल्यावर बॉनेटखालून फक्त एक ‘टक्’, पुढे काही नाही. दिवे लख्ख, हॉर्न खणखणीत. जरा थांबलं की कधी सुरू व्हायची, कधी नाही. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून जंपर केबल लावली की मात्र हमखास सुरू.

ही जंपरची गोष्ट मिस्त्रीने बरोबर पकडली. ‘जंपरने सुरू होते ना? मग बॅटरी बसली.’ ऐकायला चोख वाटतं. मीटर लावला नाही, बॅटरीवर लोड टाकून पाहिला नाही. नवी बॅटरी ४,८०० रुपये, जुनी त्याने ठेवून घेतली. थोडे दिवस बरे गेले आणि परत तेच. मग निदान बदललं, बोट सेल्फवर, म्हणजे किल्ली फिरवल्यावर इंजिन फिरवणाऱ्या स्टार्टर मोटरवर गेलं: ‘सेल्फचं आर्मेचर जळलंय. रिपेअर करून उपयोग नाही, नवाच टाकू.’ गाडी त्याच्याकडे ठेवली. सेल्फचे ६,५०० आणि मजुरी ८०० अशी पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी मिळाली. पक्कं बिल मागितलं तर म्हणे, ‘टॅक्स लागेल साहेब, उगाच कशाला?’ पैसे मी यूपीआयने दिले होते, ते पुढे फार उपयोगी पडलं. यानंतरही गाडी अडली तेव्हा त्याने ‘कॉम्प्युटर गेलाय, मुंबईहून सेकंडहँड मागवतो’ म्हणत बावीस हजारांचा आकडा सांगितला. मी गाडी तिथून काढली.

आमच्याकडे एक जुने वायरिंगवाले काका आहेत. पायाच्या ऑपरेशनमुळे त्यांचं दुकान मधे बंद होतं, ते नुकतंच उघडलं होतं. त्यांनी आधी बॉनेट उघडलंच नाही. विचारलं, ‘अडते तेव्हा सेल मारताना (किल्ली फिरवताना) हेडलाइट मंद होतो?’ होत नव्हता. ‘मग बॅटरीला कशाला बोल लावता?’ बॅटरी खरोखर उतरली असेल तर सेल्फ ओढायला लागला की दिवे मालवल्यासारखे होतात. दिवे तसेच लख्ख राहिले तर सेल्फपर्यंत करंट पोचतच नाहीये, वाटेत कुठेतरी अडतोय.

मग त्यांनी जे केलं ते गॅरेजवाल्याने एकदाही केलं नव्हतं: गाडी अडण्याची वाट पाहिली. मला गाव फिरून यायला लावलं, इंजिन चांगलं तापलं, दुकानासमोर बंद केलं, आणि थोड्या वेळाने किल्ली फिरवल्यावर ‘टक्’. आता मीटर. बॅटरीच्या दोन टर्मिनलवर १२.६ व्होल्ट, आणि सेल मारतानाही आकडा जेमतेम हलला. म्हणजे बॅटरी ठणठणीत. मग मीटरची एक काडी बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडावर, आणि मला म्हणाले, ‘मारा सेल.’ मीटर पाचाच्या वर गेला. हा आकडा अर्ध्या व्होल्टच्या आत राहायला हवा. बॅटरीतले पाच व्होल्ट अर्थिंगमध्येच, म्हणजे इंजिनातून बॅटरीकडे परतणाऱ्या करंटच्या वाटेतच, खर्च होत असतील तर सेल्फ फिरणार कशावर?

गिअरबॉक्सपासून बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टी त्यांनी टॉर्चच्या उजेडात दाखवली. तांब्याच्या तारांची, वेणीसारखी विणलेली. वरून धड दिसत होती. बोल्ट सैल करून उचलली तर टोकाशी हिरवी पूड, आणि निम्म्या तारा हातात तुटून आल्या. कोकणातला पाऊस आणि खारी हवा, दुसरं काय. नवी पट्टी, खालचं लोखंड पॉलिश पेपरने चकचकीत घासणं, वरून व्हॅसलिन, सगळे मिळून तीनशे रुपये.

जंपरचं कोडंही तिथेच सुटलं. जंपर लावताना काळा चिमटा बंद गाडीच्या बॅटरीला न लावता इंजिनाच्या लोखंडाला लावायचा असतो, कारण बॅटरीजवळ ठिणगी उडाली तर तिथला गॅस पेटू शकतो. आम्ही नेमाने तसंच करत होतो. त्यामुळे करंटला परतीची नवी वाट मिळायची, कुजलेली पट्टी बाजूला राहायची आणि गाडी सुरू व्हायची. सेल्फ काढताना-बसवताना हीच पट्टी हलली असणार, म्हणून नंतर काही दिवस बरे गेले. ही खूण लक्षात ठेवा: नवी बॅटरी असूनही जंपरनेच गाडी सुरू होत असेल तर आधी अर्थिंग बघायला सांगा.

आता सेल्फ. काका वाकून बघत होते, तेवढ्यात म्हणाले, ‘हा नवा म्हणाला तो?’ चंदेरी रंग ताजा होता, पण तो बोल्टच्या डोक्यांवरही मारलेला आणि खाली धुळीचे कण तसेच अडकलेले. स्क्रूड्रायव्हरने एका जागी खरवडलं तर खाली ‘३/२३’ कोरलेलं. ब्रश (मोटरच्या आतले झिजणारे कार्बनचे तुकडे) बदललेल्या मोटरवर काका खिळ्याने महिना आणि साल कोरून ठेवतात. माझ्या गाडीच्या सेल्फचे ब्रश मार्च २०२३ मध्ये त्यांनीच बदलले होते. थोडक्यात, माझाच सेल्फ काढून, पुसून, रंगवून मलाच विकला होता.

बॅटरीचं मी एक वेळ सोडून देईन. चुकीचं निदान, आळस, काहीही म्हणा. सेल्फचं तसं नाही, रंगाचा डबा चुकून उघडत नाही. आणि हे पकडलं गेलं ते निव्वळ त्या खुणेमुळे, नाहीतर रंगवलेला सेल्फ कोण खरवडून बघतो? म्हणून कोणताही पार्ट बदलायचा असेल तर तो गाडीवर असतानाच त्याच्यावर मार्करने खूण करा, फोटो काढा, आणि काढलेला जुना पार्ट हातात मागा. ‘भंगारात गेला’ हे उत्तर मान्य करू नका. आणि बिघाड समोर दिसत नसताना पार्ट सुचवणाऱ्याला शांतपणे सांगा, गाडी अडेल तेव्हा मीटर लावून दाखव, मग बोलू.

बिलाचंही सांगतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवा देऊन बिल न देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. चिठ्ठी, यूपीआयची पावती आणि खरवडलेल्या सेल्फचे फोटो घेऊन मी गॅरेजमध्ये गेलो. मालक आधी आवाज चढवून बोलला, मग ‘पोरांनी काहीतरी घोळ केला असेल’ वर आला. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर, तक्रार नोंदवल्यानंतर सेल्फचे ६,५०० खात्यात परत आले. मजुरी त्याने परत दिलेली नाही. जुनी बॅटरी तो अजून शोधतोय म्हणे. जिल्हा ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी लागत नाही. काकांनी आकड्यांसकट लेखी दिलं आहे, पुढच्या आठवड्यात अर्ज टाकतोय.