‘साइड इफेक्ट शून्य’ म्हणून गळ्यात मारलेल्या एन्झाइमच्या कॅप्सूल

लाज वाटते आहे, तरी लिहिते, कारण फोनवरून कॅप्सूल विकणारे हेच लोक उद्या तुम्हाला फोन करतील. पद्धत तुम्हाला माहीतच आहे: आधी गोड बोलणारा ‘हेल्थ एक्स्पर्ट’, मग ‘पूर्ण कोर्स’, पैसे आगाऊ. माझं पोट रोज फुगतं, म्हणून मला पचनाच्या एन्झाइमच्या 3 बाटल्या, 180 कॅप्सूल विकल्या.

मी वॉरफरिन घेते, रक्त पातळ ठेवणारी गोळी. हे मी स्वतःहून सांगितलं होतं! तो म्हणाला, “मॅडम, हे वनस्पतीजन्य आहे, काही होत नाही.” फोन तिथेच ठेवायला हवा होता. त्याने नुसतं ऐकून घेतलं; किती डोस, हेसुद्धा विचारलं नाही. बाटलीत ब्रोमेलेन, म्हणजे अननसातलं एन्झाइम, होतं. वॉरफरिनबरोबर त्याने रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो.

पोटात कळा, जुलाब, मळमळ सुरू झाली. कळवलं तर म्हणे, “शरीरातली घाण बाहेर पडतेय, 1 ऐवजी 2 घ्या.” रोज पोट फुगणाऱ्या माणसाला धीर देणारा शब्द खरा वाटतो, मला मूर्ख म्हणणाऱ्यांनी ते आधी सोसून बघावं. हिरड्यांतून रक्त आलं तेव्हा डॉक्टर गाठले. आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा) वाढलेला. कॅप्सूल त्याच दिवशी बंद.

लेबलवर फक्त ‘एन्झाइम मिश्रण 500 मिग्रॅ’. एन्झाइमची ताकद युनिटमध्ये मोजतात. युनिट नसेल तर घेऊच नका. स्वादुपिंडाच्या रुग्णांना डॉक्टर पॅन्क्रियाटिन हे पाचक एन्झाइमचं औषध देतात, त्यातल्या चरबी पचवणाऱ्या लायपेजलाही मर्यादा आहे: दिवसाला किलो वजनामागे 10,000 युनिट. जास्त डोसने सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराच्या मुलांचं मोठं आतडं अरुंद झाल्याच्या नोंदी आहेत. आणि हा फोनवरून डोस दुप्पट करतो!

तक्रार केली. औषधवाले म्हणाले, हे औषध नाही, पूरक आहार आहे. आहारवाले म्हणाले, दुष्परिणाम हा औषधांचा विषय. पोलिसांनी विचारलं, माल मिळाला ना, मग फसवणूक कसली? ग्राहक कक्षाने डॉक्टरांची चिठ्ठी मागितली, दिली, मग पुन्हा तीच मागितली. माणूस दवाखान्यात पोचला तरी हे कोणाच्याच टेबलाचं काम नाही! मग ही टेबलं कशासाठी मांडली आहेत?

गाउट (युरिक ॲसिडमुळे होणारी सांधेदुखी) असेल तर पॅन्क्रियाटिन विचारल्याशिवाय नको, युरिक ॲसिड वाढू शकतं. मधुमेहासाठी अकार्बोज चालू असेल तर स्टार्च पचवणाऱ्या अमायलेज एन्झाइमने त्याचा परिणाम कमी होतो. पॅन्क्रियाटिनची कॅप्सूल चावू नका, तोंडात फोड येऊ शकतात. विकणाऱ्याशी फोनवर नाही, लेखीच बोला. सील तोडलं म्हणून मला पैसे परत नाकारले; तरी बाटली टाकू नका, बॅच नंबर तिच्यावरच असतो.