कार्पल टनेलचं ऑपरेशन: चिरा देऊन की दुर्बिणीतून?

कार्पल टनेल म्हणजे मनगटात नस दबून हाताला मुंग्या येणं, त्यासाठी स्प्लिंट (मनगटाचा आधारपट्टा) झालं, इंजेक्शन झालं, एनसीव्हीत (नसेतून संदेश किती वेगाने जातो ती तपासणी) नस दबलेली आलीच, आता डॉक्टर म्हणतायत ऑपरेशन करून टाका, मग घरात सुरू होतं की दुर्बिणीतून केलं तर रिस्क कमी का. दोन्हीत काम एकच असतं बरं का, मनगटातल्या बोगद्यावरचं आडवं लिगामेंट (चिवट पट्टा) कापून त्याखालची दबलेली नस, मीडियन नर्व्ह, मोकळी करायची, आणि मुंग्या कमी होण्यात वर्षभराने दोघांत फारसा फरक राहत नाही.

फरक पडतो त्रासाच्या प्रकारात. ओपनमध्ये, म्हणजे नेहमीच्या चिरा देऊन करायच्या ऑपरेशनात, चिरा तळहातावरच येतो, साधारण दोन ते चार सेंटीमीटर, त्यामुळे व्रण दुखणं, जाड होणं, टाक्यांना इन्फेक्शन हे जास्त. तळव्याच्या दोन्ही उंचवट्यांत जी कळ येते (पिलर पेन) ती दुर्बिणीतही येते, कणीक मळताना नाहीतर जमिनीवर हात टेकून उठताना चांगलीच जाणवते, काही जणांना दोन-तीन महिने, पण हळूहळू जाते.

दुर्बिणीत चिरा मनगटाच्या घडीत, जेमतेम एक सेंटीमीटर, कामावर सरासरी आठवडाभर आधी जाता येतं. पण आत जागा अरुंद, नसेला धक्का लागून बोटं काही आठवडे बधिर राहणं इथे जास्त. 2006 च्या एका मोठ्या आढाव्यात असा तात्पुरता बधिरपणा दुर्बिणीत 1.45 टक्के, ओपनमध्ये 0.25 टक्के होता, आणि नस, रक्तवाहिनी किंवा टेंडन (बोटं हलवणारी दोरी) खरोखर कापलं जाणं उलट दुर्बिणीत 0.19 नि ओपनमध्ये 0.49, म्हणजे ज्याची सगळ्यांना धास्ती असते ते दोन्हीकडे अर्ध्या टक्क्याच्या आतच. लिगामेंट अर्धवट कापलं जाऊन त्रास तसाच राहणं हीसुद्धा एक शक्यता, आणि ती सर्जनच्या हातावर फार अवलंबून असते.

अंगठ्याच्या बुडाचा मांसल भाग आधीच सुकला असेल तर ताकद पूर्ण येईलच असं नाही, तो ऑपरेशनचा दोष धरू नका, उशीर झालेला असतो.

माझं मत विचाराल तर दुर्बिणीचं नाव ऐकून भुलू नका, रोज ओपन करणारा सर्जन हा वर्षातून चार वेळा दुर्बीण धरणाऱ्यापेक्षा बरा, तेव्हा तुम्ही या पद्धतीने किती केलीत नि मधेच ओपन करावं लागलं तर काय, हे सरळ विचारा. आधी एकदा ऑपरेशन झालंय, आत गाठ आहे किंवा संधिवाताने खूप सूज आहे, तर बहुतेक ओपनच सांगतील.