पिरंगुटजवळचा कुत्र्यांचा वर्ग: कारवानी न्या, लॅब न्या, जर्मन शेफर्डचं जरा थांबा

पुण्यात कुत्र्याला ट्रेनिंग लावायचं म्हणजे बहुतेक ठिकाणी एकच ठरलेला पाढा: सिट, स्टे, शेकहँड आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये फेऱ्या. लॅब (लॅब्राडोर) असो की बीगल, फरक नाही. मुळशी रस्त्यावर पिरंगुटच्या पुढे शनिवार-रविवारी सकाळी भरणारा हा वर्ग मात्र जात कोणत्या कामासाठी घडली, तिथून सुरुवात करतो. दीड तासाचे ९०० रुपये, एका तुकडीत जास्तीत जास्त सहा कुत्री. कल्पना पक्की आहे. अंमलबजावणी काही जातींना उत्तम, काहींना चक्क चुकीची.

सगळ्यात भारी काम कारवानी या शिकारी कुत्र्यांचं. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी ही जात जोपासली आणि ब्रिटनच्या राजाला एक जोडी भेट दिली, त्यामुळे जगात ती मुधोळ हाउंड म्हणून ओळखली जाते. २००५ मध्ये तिच्यावर टपाल तिकीटही निघालं. आपल्याकडे खेड्यापाड्यांत मात्र ती कारवानीच. हा कुत्रा वासावर नाही, नजरेवर शिकार करतो. ससा उठला की सुटायचं, एवढंच त्याला शेकडो पिढ्या शिकवलं गेलं. वन्यजीव कायद्याने ती शिकार बंद झाली, पण कुत्र्याच्या अंगातलं गेलं नाही. म्हणून इथे मोटरवर दोरी फिरते, दोरीच्या टोकाला सशाऐवजी प्लास्टिकची पिशवी, आणि दोरी जमिनीलगत बसवलेल्या कप्प्यांवरून मैदानभर जाते.

यात जे बिघडतं ते वळणावर. पूर्ण वेगात तीव्र वळण घेतलं की बोटं मुरगळतात, खांदा दुखावतो. इथे कप्प्या लांब-लांब रोवल्यात, काटकोनापेक्षा अवघड वळण एकही नाही. दुसरा धोका दोरीचा. हुशार कुत्रा दोन-तीन धावांतच पिशवीमागे न जाता मधूनच आडवा मारायला शिकतो, आणि त्या वेळी मोटर चालू असेल तर ताणलेल्या दोरीने पाय कापला जातो. ट्रेनरचा हात सतत बटणावर असतो, नजर पिशवीवर नाही, कुत्र्यावर. शेवटी पिशवी थांबवून कुत्र्याला ती पकडू देतात. हे फार महत्त्वाचं: कधीच काही हाती लागलं नाही तर कुत्रा एक तर चिडका होतो, नाही तर धावायचंच सोडतो. सकाळी दोन धावा, मध्ये वीस मिनिटं तरी सावकाश चालवणं, वर्षाच्या आतलं पिल्लू नाही. हाडांची टोकं भरायची असतात, त्यामुळे या नियमावर वाद घालू नका.

गळपट्ट्याकडेही त्यांचं लक्ष आहे. कारवानीची मान आणि डोकं जवळजवळ सारख्याच जाडीचं, त्यामुळे साधा बकलचा पट्टा उलट ओढ बसताच डोक्यावरून निसटतो. गेटवरच ओढ बसली की मर्यादेपर्यंतच आवळणारा रुंद पट्टा देतात. नवीन घ्यायचा तर दीड-दोन इंच रुंदीचा घ्या. बारीक पट्टा पातळ कातडीत रुततो.

लॅबचा तासही चांगला, एक-दोन गोष्टी सोडल्या तर. लॅबचे पूर्वज कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावरच्या कोळ्यांचे पाणकुत्रे. जाळ्याच्या दोऱ्या ओढून आणायच्या, निसटलेला मासा तोंडात धरून परत द्यायचा. एकोणिसाव्या शतकात ते ब्रिटनमध्ये आले, तिथे बंदुकीने पाडलेले पक्षी उचलायला लागले, आणि १९०३ मध्ये तिथल्या केनेल क्लबने, म्हणजे जातींची नोंद ठेवणाऱ्या संस्थेने, जातीला मान्यता दिली. त्यामुळे वर्गात चेंडू नाही, फेकून आणायला लावायची साधारण अर्ध्या किलोची कापडी डमी असते. आधी बसून पाहायचं, सांगितल्यावर सुटायचं, आणून हातात द्यायचं. निम्म्या वेळा डमी ट्रेनर स्वतः उचलून आणतो, म्हणजे फेकलं की पळायचंच अशी सवय लागत नाही. घरी गच्चीवर वीस-वीसदा चेंडू फेकणाऱ्यांनी हे पाहावं.

तक्रार दोन. पोहण्याच्या टाकीला उतार नाही. लॅब काठावरून उडी मारतो आणि कंबरेचं दुखणं असलेल्या वयस्क कुत्र्याला ते झेपत नाही. आणि बिस्किटं. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की बऱ्याच लॅबमध्ये एका जनुकाचा तुकडाच नसतो, त्यामुळे भूक भागल्याचं त्यांना नीट कळत नाही. अशा कुत्र्याला दीड तास मूठमूठ बिस्किटं चारणं बरोबर नाही. घरून त्याच्या रोजच्या खाण्यातलाच वाटा मोजून न्या.

बीगलसाठी खोक्यांत लपवलेला वास शोधायचा खेळ आहे, दहा मीटरची दोरी हार्नेसला लावून. ठीक आहे. बीगल हाकेला धावत परत येईल अशी आशा मात्र ठेवू नका, ते शिकवायला इथे कोणी घेतही नाही.

जर्मन शेफर्डचं काय करतात ते पटलं नाही. पहिल्याच दिवशी दातात द्यायला जाड बाही, म्हणजे ट्रेनर हातावर चढवतो आणि कुत्रा तिला चावतो ती. माक्स फॉन स्टेफानित्झने १८९९ मध्ये होरांड नावाच्या कुत्र्यापासून ही जात बांधली ती मेंढपाळासाठी. कुंपण नसलेल्या शेताच्या कडेने दिवसभर दुडक्या चालीने फिरायचं, मेंढीला पिकात जाऊ द्यायचं नाही, आणि मेंढपाळाच्या इशाऱ्याकडे कान ठेवायचा. पोलीस आणि लष्कर नंतर आलं. कोथरूडच्या टू बीएचकेत राहणाऱ्या, लिफ्टमध्ये रोज डिलिव्हरीवाल्याशी गाठ पडणाऱ्या आठ महिन्यांच्या कुत्र्याला चावणं शिकवून काय साधणार? स्वभावाची तपासणी नाही, ‘सोड’ हा हुकूम पक्का नाही, आणि थेट बाही. त्यांना सांगून माग काढण्याचा पाठ मागा: प्रत्येक पावलात खाण्याचा तुकडा टाकत सरळ पन्नास पावलं, मग वळण, मग तुकडे कमी. रॉटवायलरलाही तेच, गुरं हाकणारा, गाडी ओढणारा कुत्रा तो. डॉबरमन खरा राखणदारीसाठीच घडला, करवसुली करणाऱ्या लुई डॉबरमनच्या हातून, तरी त्यालाही पहिल्या दिवशी बाही नको.

हस्कीचं बुकिंग बारा महिने घेतात, हे बंद व्हायला हवं. सायबेरियाच्या चुक्ची लोकांची ही बर्फातली गाडी ओढणारी जात. एप्रिलमध्ये इथे तिला वजन ओढायला लावू नये. डिसेंबर-जानेवारीत, तेही उजाडता-उजाडता.

जायचंच असेल तर रेबीज आणि केनेल कफच्या (कुत्र्यांच्या संसर्गजन्य खोकल्याच्या) लसीचं कार्ड न्या, तीन-चार तास आधीपासून पोटभर खाऊ घालू नका. पावसाळ्यानंतर मैदानात गवत वाढतं आणि गोचिड्या असतात: परत आल्यावर कानात, बोटांच्या मध्ये, पट्ट्याखाली बघा. नंतर ताप किंवा जेवणावरून लक्ष उडालेलं दिसलं तर डॉक्टरांना गोचिडीच्या आजारासाठी रक्ततपासणीच करायला सांगा. चांदणी चौकाची गर्दी टाळायची तर सातच्या आत निघा.

बुकिंग करताना जात आणि वय आधी कळवा. देशी कुत्रा असेल तर ते विचार न करता बीगलच्या तुकडीत घालतात. दहा मिनिटं दोरीच्या मैदानावर आणि दहा मिनिटं खोक्यांशी सोडून बघा म्हणावं, मग ठरवा. एवढं ते ऐकतात.