१४४१६ : बिनाओटीपीची सेवा

दारव्हा तालुक्यातल्या एका गावात मी आठ वर्षांपासून आपले सरकार सेवा केंद्र चालवते. जुलै म्हणजे आमचा हंगाम. खरिपाचा पीक विमा, ३१ जुलै शेवटची तारीख, दाराशी रांग. एकाजवळ सातबारा आहे तर पीक पेरा नाही. दुसऱ्याचा ओटीपी "पोरापाशी जाते, तो पुण्याले असते." पोरगा फोन उचलेपर्यंत ओटीपी मरतो. मागून आवाज येतो, "काय वो ताई, एका फारमाले दिवस लावता काय?"

मागच्या वर्षी एका खात्याचा एक आकडा माझ्याकडून चुकला. वेळेत दुरुस्त झाला, पण माझ्या डोक्यातून गेला नाही. यंदा जुलै लागला आणि पहाटे तीनला जाग, छातीत धडधड. लॅपटॉप उघडला की तळहात ओले. निंदून-खुरपून झिजलेल्या बोटांचे ठसे मशीन घेत नाही हे रोजचंच. त्या दिवसांत माझाच अंगठा लागेना. सासूबाईंनी मीठ-मोहरी ओवाळली. एका खाजगी डॉक्टरने ईसीजी काढला, तो नॉर्मल आला, मग "गॅस आहे" म्हणून गोळ्या दिल्या. गॅस नव्हता.

टेली मानस, म्हणजे मनाच्या त्रासासाठीची सरकारी फोनसेवा. तिचा नंबर, १४४१६, आशाताईने दिला. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकार ही सेवा चालवते. चोवीस तास, फुकट, मराठीसह वीस भाषांत. सरकारी म्हटल्यावर मी आधी नाकच मुरडलं. (मीच म्हणावं हे!)

घरात रेंज नाही, म्हणून रात्री साडेनऊला गोठ्यामागे कडुनिंबाखाली उभी राहिले. भाषा निवडली, पलीकडे एक बाई आल्या. मी पंधरा मिनिटं नुसत्या सर्व्हरला शिव्या दिल्या. त्यांनी टोकलं नाही. मग विचारलं, "धडधड सर्व्हर बंद असताना होते की चालू असताना?"

मी गप्पच झाले. चालू असतानाच! बंद असला की मी तर चहा मांडते. भीती त्या एका आकड्याची होती.

त्यांनी सांगितलं ते साधंच. सबमिट दाबण्याआधी श्वास घेताना चार मोजायचे, सोडताना सहा. मी एकेक पासबुक पाच-पाच वेळा तपासत होते, ते बंद. एकदाच तपासायचं, खातं शेतकऱ्याकडून मोठ्याने वाचून घ्यायचं, आणि रात्री उठून पावत्या चाळायच्या नाहीत. पहिले तीन-चार दिवस हात शिवशिवले. झोप आली नाही तर जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखवा, असंही बजावलं. तशी वेळ आली नाही. आली असती तर यवतमाळ काही दूर नाही.

फोनने पोर्टल पळत नाही, हे आधीच सांगते. ३१ तारखेला रात्री अकराला छाती वाजलीच. पण आकडे मोठ्याने वाचले जात होते आणि माझी बोटं चालत होती.

या सेवेला माझे पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो आमच्या गावच्या रेंजपायी, दोनदा फोन कटला.

आता दरपत्रकाखाली मी १४४१६ लिहून ठेवलाय. परवा एक म्हातारबा बराच वेळ बघत होते. म्हणाले, "हे कोन्ती योजना हाय वो? कागदं काय लागतात?"

"काहीच नाही बाप्पा. आधार नाही, ओटीपी नाही."

"मंग फसवेगिरी असन," म्हणाले. पण नंबर पासबुकाच्या मागे लिहून घेतला.