सायकलच्या टू-स्ट्रोकला सुपरचार्जर की एक्स्पान्शन चेंबर?

सायकलला बसवायचं, ‘80 सीसी’ म्हणून विकलं जाणारं चिनी टू-स्ट्रोक इंजिनचं किट मोजून बघा: बोअर (सिलिंडरचा व्यास) 47 मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) 38 मिमी, म्हणजे जेमतेम 66 सीसी. त्याची ताकद वाढवायला सुपरचार्जर (हवा दाबून भरणारा ब्लोअर) लावायचा की एक्स्पान्शन चेंबर (मध्ये फुगीर, टोकाला निमुळता एक्झॉस्ट पाइप), यावर बरेच जण अडतात.

ताकद: पिस्टन वर येताना आधी ट्रान्सफर पोर्ट (मिश्रण आत येण्याचं छिद्र) बंद होतं, एक्झॉस्ट पोर्ट (धूर बाहेर जाण्याचं छिद्र) नंतर. तेवढ्यात सुपरचार्जरने कोंबलेलं पेट्रोल-हवेचं मिश्रण सायलेन्सरवाटे निघून जातं. वर ब्लोअर फिरवायला क्रँकचीच ताकद खर्ची पडते. एक्स्पान्शन चेंबरच्या निमुळत्या टोकावरून परतणारी दाबाची लाट नेमकं हेच निसटतं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते, तेही एकही हलता भाग नसताना! मात्र फायदा ठरावीक आरपीएमच्या पट्ट्यातच.

खटपट: चेंबरला फ्लँज आणि गॅस्केट जुळवा, मग कार्ब्युरेटरचा जेट (पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र) तपासा. स्पार्क प्लगचं पोर्सेलिन पांढरं पडलं तर मेन जेट मोठा घाला. फिकट तपकिरी आलं की जमलं. ब्लोअरला ब्रॅकेट, पुली, बेल्ट, सगळं घडवून घ्यावं लागतं. खर्चही त्यामुळे कितीतरी जास्त.

टिकाऊपणा: ब्लोअरच्या जादा दाबाने क्रँक सील गळायला लागतं, तिथून हवा शिरते, मिश्रण लीन होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी) आणि पिस्टन जॅम. साध्या बेअरिंगवरही ताण येतो.

रोज चालवायची असेल, चढ चढायचे असतील तर चेंबरच घ्या. लेथ-वेल्डिंग हाताशी असेल आणि इंजिन फुटलं तरी चालणार असेल, तरच ब्लोअर. भारतात 25 सीसीवरची अशी सायकल कायद्याने मोटार वाहन ठरते; नोंदणीशिवाय रस्त्यावर काढू नका.