जुन्या पद्मिनीबरोबर मिळालेली खोटी फाईल

ठाणे-नवी मुंबईत कुणी जुनी फियाट नाहीतर अँबेसिडर घ्यायला निघालं असेल तर पैसे द्यायच्या आधी हे वाचा. गाडी खराब निघाली एवढंच असतं तर मी लिहायला बसलो नसतो, जुन्या गाडीत डावं-उजवं होतंच. पण आम्हाला गाडीबरोबर चक्क बनावट कागद विकले गेले आणि किंमत लावली ती त्या कागदांवरच.

बाबा कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यात असेंब्लीला होते. रिटायर झाल्यापासून एक पद्मिनी, म्हणजे प्रीमियरने बनवलेली ती जुनी फियाट, दारात असावी हे त्यांच्या मनात होतं. तुर्भे एमआयडीसीत एक गॅरेजवाला जुन्या गाड्या रिस्टोअर करून विकतो, त्याच्याकडे 1976 ची पद्मिनी मिळाली, क्रीम कलर, स्टिअरिंगवरचा गिअर, क्रोमचे बंपर चकाचक. किंमत साडेतीन लाख. त्याच सुमारास घोडबंदर रोडला दुसरी एक पद्मिनी जवळपास निम्म्या किमतीत होती, पण तिच्याबरोबर आरसी सोडून एक चिठोराही नव्हता. आणि ह्याने टेबलावर ठेवली जाडजूड बॉक्स फाईल. इंजिनकामाची बिलं, पत्राकामाची बिलं, ऑइल चेंजच्या नोंदी किलोमीटरसकट, कामाच्या फोटोंच्या झेरॉक्स. म्हणाला, "साहेब, 2026 ला हिला पन्नास वर्षं होतील, मग व्हिंटेजमध्ये नोंदवा, व्हिंटेज गाड्यांचा व्हीए नंबर मिळेल, तेव्हा ही फाईल सोन्याच्या भावाची."

आता ती व्हिंटेजची गोष्ट खोटी नाही. 2021 च्या नियमात पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली, चेसिस-बॉडी-इंजिनात मोठा फेरफार नसलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, फी वीस हजार, नोंदणी दहा वर्षांची. खऱ्या माहितीत खोटे कागद मिसळले की माणसाला संशय यायला जागाच राहत नाही.

पहिल्या पावसात ड्रायव्हरच्या पायाखाली पाणी साचायला लागलं. मॅट उचललं तर फ्लोअरवर रंगाचे फुगे, एक फुगा बोटाने दाबला तर बोट आरपार गेलं. वागळे इस्टेटमधल्या आमच्या ओळखीच्या डेंटरने रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक दाराखालच्या पट्टीवर, म्हणजे सिलवर, फिरवलं, ते चिकटतच नव्हतं. पत्रा गंजून गेलेला, त्या जागी फायबरची जाळी लावून वर बोटभर लांबी (पुट्टी) भरलेली आणि त्यावर रंग. फाईलमध्ये मात्र "दोन्ही बाजूचा सिल पत्रा नवीन, फ्लोअर नवीन" असं अठ्ठेचाळीस हजारांचं बिल!

मग इंजिनचं हेड खोललं. बिलात बोअरिंग करून, म्हणजे झिजलेले सिलिंडर आतून तासून, ओव्हरसाइज पिस्टन टाकल्याचं लिहिलंय. ओव्हरसाइज पिस्टनच्या माथ्यावर साइजचा आकडा असतो, इथे काहीच नव्हतं, आणि सिलिंडरच्या वरच्या काठाला नख अडकेल एवढी धार. पिस्टनची वरची रिंग जिथपर्यंत जाते तिथपर्यंतच बोअर झिजतो, वरचा भाग तसाच राहतो, त्याची ती धार. नुकतं बोअरिंग झालेल्या इंजिनात ती असूच शकत नाही. इंजिन नंबर आणि चेसिस नंबर आरसीशी जुळले, तेवढं एक खरं निघालं.

त्या रात्री मी आणि बाबा फाईल घेऊन बसलो. 2015 तारखेच्या बिलावर जीएसटी नंबर छापलेला. जीएसटी लागू झाला 1 जुलै 2017 ला! त्याआधीच्या महाराष्ट्रातल्या बिलावर व्हॅटचा टिन नंबर असायचा, 27 ने सुरू होणारा आणि शेवटी व्ही. पुढची दोन बिलं एकाच बुकातली, नंबर लागोपाठ, तारखांमध्ये मात्र दोन वर्षांचं अंतर. ऑइल चेंजची सगळी पानं एकाच पेनाने, एकाच अक्षरात, कुठे तेलाचा एक डाग नाही. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या ज्या मशीन शॉपचं बिल होतं त्या पत्त्यावर मी गेलो, तिथे टायरचं दुकान आहे आणि मालक म्हणाला की तो बरीच वर्षं तिथेच आहे.

फोटो तर बाबांनी पकडले. झेरॉक्स काळपट होत्या म्हणून मी मूळ फोटो मागितले, तर गॅरेजवाल्याने बिनधास्त व्हॉट्सॲपवर पाठवले. बाबांनी उघड्या बॉडीचा फोटो मोठा केला आणि दोन सीटच्या मध्ये फ्लोअरला पडलेलं भोक दाखवलं, "ही आपली गाडीच नाही, हे फ्लोअर गिअरचं भोक आहे, ही शेवटी शेवटी निघालेली एस वन पद्मिनी." पुढे ते काही बोलले नाहीत, फोन माझ्या हातात देऊन आत गेले. पैशांपेक्षा मला राग ह्याचा जास्त येतो, ज्या माणसाने आयुष्यभर ह्या गाड्या जोडल्या त्यालाच दुसऱ्या गाडीचे फोटो चिकटवले.

म्हणून कळकळीने सांगतोय, फाईल बघून सौदा करू नका, फाईल घरी मागा, निदान बिलांचे फोटो काढून आणा आणि दोन-तीन गॅरेज-दुकानांना स्वतः फोन करा. गाडी लिफ्टवर चढवून खालून बघा, चुंबक सोबत न्या. रिस्टोरेशनचे फोटो असतील तर त्यात चेसिस नंबर दिसतोय का ते बघा, आणि काढलेले जुने पार्ट कुठे आहेत ते विचारा, मनापासून काम करणारा माणूस ते गोणीत भरून ठेवतो. आणि विक्रेत्याकडून साध्या कागदावर, सहीनिशी, कुठलं काम झालंय ते लिहून घ्या. आमच्याकडे असा कागद आहे, त्याने तो हसत हसत दिला होता आणि आता तोच आमच्या कामी येतोय.

ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, मुदत दोन वर्षांची असते. बनावट बिलांचा अर्ज पोलिसांकडे वेगळा दिलाय. तेव्हापासून गॅरेजवाल्याचे रोज फोन, "फाईल परत आणून द्या, मग पैशाचं बघू." फाईल मी देणार नाही. तुर्भ्याच्या बाजूला अजून कुणाला अशी फाईल मिळाली असेल तर तुम्हीही मूळ कागद हातातून सोडू नका, बुक नंबर आणि तारखा आमच्या बिलांशी ताडून बघायच्या आहेत.